जास्तीची गाठ

अन्याय झाला तो सुमनवर, म्हणजे माझ्या आईवर. १९८९ सालच्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, कॉव्हेंट्रीतल्या टेलिफोन एक्स्चेंज बनवणाऱ्या एका कारखान्यात. टी-ब्रेक नुकताच संपला होता. फोरमननं वायरिंग शॉपमधल्या प्रत्येक बाईच्या हातात एक पाकीट ठेवलं. आईच्या पाकिटातल्या कागदावर तिच्या नावासमोर टाइप केलेलं होतं: सेमी-स्किल्ड. ज्यांच्या नावासमोर नुसतं 'स्किल्ड' होतं त्यांना नव्या डिजिटल शॉपमध्ये घेतलं. बाकीच्यांनी कोट घालायचे आणि घरी जायचं.

मी पत्रकं लिहिते. कोणावर, कधी, कुठे, हे पत्रकाच्या पहिल्या ओळींत आलं नाही तर माणूस ते घडी करून खिशात घालतो, तेवढ्यात त्याची बस येते, आणि संपलं. म्हणून आधी हे सांगून टाकलं. आता मागे जाते.

१९८१ चा मे. इचलकरंजीचा एसटी स्टँड. मी दहा वर्षांची. बाबा सात वर्षांपूर्वीच पुढे गेले होते, कॉव्हेंट्रीत मोटारींच्या कारखान्यात फिटर होते, आणि आम्हा दोघींचे कागद आत्ता कुठे झाले होते. आईचे वडील, माझे आजोबा, स्टँडवर आले ते बोटांना पांढरी पूड तशीच घेऊन. ते वहिफणीचं काम करायचे. पॉवरलूमवरचा बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला बोटांनी पीळ देऊन जोडायचा, हजारो धागे, बोटांना पूड लावून, एकही न चुकवता, ते काम. आई लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून शिकली. बाहेर कुणी तिला ते काम दिलं नसतं. घरच्या दोन मागांवर मात्र तीच करायची, आणि आजोबांपेक्षा भरभर.

आमची ट्रंक काथ्यानं बांधलेली होती. आजोबांनी तो सोडला, पुन्हा आवळून बांधला, आणि सगळं झाल्यावर कडेला आणखी एक गाठ मारली. त्या गाठीनं काहीच बांधलेलं नव्हतं. ही त्यांची स्वतःची रीत. बीमचे सगळे धागे जोडून झाले की काठाला एक जास्तीची गाठ. पुढच्या पाळीला येणाऱ्यानं कोपऱ्यात बोट घालायचं, गाठ लागली की समजायचं, सगळे धागे जोडलेत, मोजत बसायची गरज नाही. आईला ते एवढंच म्हणाले, "खात्री नसंल तवा ही गाठ मारायची नाही. तिकडं बी नाही."

मग खाली बघत माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या केसांत पांढरी पूड राहिली, ती मी मुंबईपर्यंत झटकली नाही.

हीथ्रोवर कस्टमच्या माणसानं कात्री काढली. आई म्हणाली, "नो, नो!" हे तिचं इंग्लंडमधलं पहिलं बोलणं. त्यानं काथ्या कचकन कापला.

कॉव्हेंट्रीत आल्यावर पहिलं वर्ष आईनं खिडकीत काढलं. मी शाळेत जायची, बाबा शिफ्टला जायचे, आणि आई पडदा बाजूला करून रस्त्यावरचे दिवे मोजायची. गणपतीला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जायचो, चर्चचा हॉल भाड्यानं घेतलेला असायचा. तिथं सगळे डॉक्टर आणि डॉक्टरांच्या बायका. वाईट माणसं नव्हती. "तुमचे मिस्टर कुठल्या हॉस्पिटलला?" असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "कारखान्यात असतात," आणि समोरच्या बाईचं लक्ष एकदम मोदकांच्या ताटाकडे जायचं.

१९८२ साली शेजारच्या पंजाबी काकूंनी आईला टेलिफोनच्या कारखान्यात नेलं. मुलाखत अशी नव्हतीच. तिच्यापुढे वायरींचा एक जुडगा ठेवला आणि रंगांचा क्रम दाखवला: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी. आईनं तो घरी येऊन पाढ्यासारखा म्हटला, भात ढवळताना म्हटला, झोपताना म्हटला. दोन दिवसांनी ती बघायचीसुद्धा थांबली. वायरी एका पट्टीवर पसरायच्या, जुडगा करायचा, मेण लावलेल्या दोऱ्यानं ठराविक अंतरावर आवळत न्यायचा, आणि प्रत्येक टोक आपापल्या जागी जोडायचं. आई म्हणाली, "अगं, हा बीमच आहे की! फक्त धागा तांब्याचा."

मी बारा-तेरा वर्षांची असताना कारखान्यानं घरच्यांना बघायला बोलावलं होतं. आजही ते आठवलं की माझा आवाज खाली येतो. एका हॉलमध्ये लोखंडी रॅक उभे होते, आमच्या घराच्या छपराएवढे उंच, ओळीनं, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे वायरींच्या वेण्या. त्या कुठे वळत होत्या, कुठे फुटत होत्या, एकेक वायर तिच्या टोकाशी जाऊन थांबत होती. कुठे गुंता नाही. मी शाळेच्या ट्रिपला कथीड्रल पाहिलं होतं, तिथं एवढं गप्प व्हावंसं वाटलं नव्हतं. एक रॅक चालू करून दाखवला. आत टकटक, टकटक असा आवाज सुरू झाला, हजार सुया एकदम शिवायला लागाव्यात तसा. आई माझ्या कानाशी म्हणाली, "इचलकरंजीचा फोन लागतो ना, तो अशा कशातनं तरी जातो. कुणी सांगावं, एखादी वायर माझी असंल."

आणि प्रत्येक वेणीच्या शेवटी, शेवटच्या वळणाखाली, तिनं बोट नेऊन दाखवलं: एक जास्तीची गाठ.

त्या गाठीपायी तिला तीन वेळा फॉल्टची चिठ्ठी मिळाली. 'एक्स्ट्रा नॉट.' इन्स्पेक्टर ती कापून टाकायचा. फोरमन डेरेक बिचारा विचारायचा, "सुमन, लव्ह, व्हॉट्स इट फॉर?" आईकडे तेवढं इंग्लिश नव्हतं. ती म्हणायची, "फिनिश. ऑल फिनिश." डेरेक म्हणायचा, हो, फिनिश झालंय ते दिसतंय मला. तिसऱ्या चिठ्ठीनंतर आई ती गाठ आणखी आत, नजर पोचणार नाही तिथं मारायला लागली. सोडली नाही.

१९८६ मध्ये चिनी आले.

आपला कारखाना डिजिटलकडे चालला होता, म्हणून जुन्या पद्धतीची यंत्रं आणि नकाशे त्यानं चीनमधल्या एका सरकारी कारखान्याला विकले. तोही टेलिफोन एक्स्चेंजच बनवणारा. तिथून चौघं शिकायला आली, दोन इंजिनियर आणि दोन बायका, चौघांच्याही कोटावर कारखान्याचा लाल बिल्ला. इंजिनियर ऑफिसात नकाशे बघायचे. बायकांना डेरेकनं आईच्या दोन बाजूंना बसवलं. "शो देम, सुमन." कारण विचाराल तर, सगळ्यांत नीट काम तिचंच होतं. हे डेरेकला माहीत होतं. कागदाला माहीत नव्हतं.

त्यातली एक लिन. तिशीची असेल, केस कानापर्यंत कापलेले, बोटं आखूड आणि मजबूत. सहा महिने ती आईच्या शेजारी बसली. दोघींचं मिळून इंग्लिश पन्नास शब्दांचं असेल. लिनच्या वहीत आईचे हात काढलेले होते, पानावर पान, अंगठा कुठे, करंगळी कुठे, दोरा कोणत्या बोटावरून. माझ्या आईच्या हातांचं चित्र काढावं असं आमच्या घरात, आमच्या गावात, मंडळात, कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

आतली गाठ लिननं आठवड्यात हेरली. बोट ठेवून नुसती भुवई वर केली. आईनं एक वायर मुद्दाम सुटी ठेवली, गाठ मारायला गेली, आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्याच हातावर चापट मारली. मग ती वायर जोडली, सगळ्यांवरून एकदा बोट फिरवलं, आणि मग गाठ मारली. लिननं मान डोलावली. वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत बसली.

ती आईला 'शिफू' म्हणायची. आईला वाटलं, काकू-मावशी असं काहीतरी असेल. एका रविवारी लिन आमच्याकडे जेवायला आली. पिठलं बघून घाबरली, मग तीनदा घेतलं. तेव्हा मी लिनची चिनी-इंग्लिश डिक्शनरी घेऊन बसले आणि अर्थ काढला: ज्याच्याकडून कसब शिकलो तो. मी आईला सांगितलं. आई पोळी लाटता लाटता थांबली.

"म्हणजे वस्ताद?"

"हो, तसंच काहीतरी."

"अगं बया! मी काय तालमीतला पैलवान आहे?" ती हसत सुटली. बाबा म्हणाले, "वस्ताद, जरा आणखी एक पोळी वाढा." त्या दिवसानंतर बाबा तिला अधूनमधून वस्तादच म्हणायचे, आणि ती लाटणं उगारायची. पण रात्री भांडी घासताना मी पाहिलं, ती ओठांतल्या ओठांत ते म्हणून बघत होती. शिफू.

लिन गेली. तीन वर्षांनी तो शुक्रवार आला.

मी अठरा वर्षांची होते आणि माझं डोकं फिरलं होतं. काढलेल्या बायकांसाठी उभ्या केलेल्या कृती समितीत मी सगळ्यांत लहान. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं, इंग्लिशमधलं आणि मराठीतलं. मी लिहिलं: ते आले, बघून गेले, आपलं काम चोरून घेऊन गेले. वर एक चित्र काढलं, कॅमेरा घेतलेला मिचमिच्या डोळ्यांचा माणूस. आज ते पत्रक माझ्यापुढे आहे आणि ते चित्र मी हातानं झाकून ठेवलंय.

आईनं मराठी पत्रक चष्मा लावून वाचलं. टेबलावर उलटं ठेवलं.

"शुभे, हे खोटं आहे. लिननं काही चोरलं नाही. मी दिलं."

"आई, तुला कळत नाही, कंपनीनं तुला वापरलं."

"कंपनीनं वापरलं असंल, तर कंपनीला लिही. मी हातानं दिलेलं तू चोरीला गेलं म्हणतेस, म्हणजे माझ्याकडं द्यायला काही नव्हतंच, असं म्हणतेस. कंपनीच्या त्या कागदावर तरी दुसरं काय लिहिलंय?"

मी ते पत्रक तरीही वाटलं. बस स्टॉपवर, मंदिराबाहेर, गुरुद्वाराबाहेर. मला वाटत होतं, मी आईसाठी लढतेय.

मग अपील झालं. मागणी एकच: 'सेमी' काढा, स्किल्ड लिहा, डिजिटल शॉपमध्ये घ्या. एका खोलीत तीन साहेब बसले होते, त्यांच्यापुढे त्या तीन फॉल्टच्या चिठ्ठ्या. दुभाषी म्हणून मी. त्यांनी विचारलं, ही गाठ कशासाठी? आईनं सांगितलं. अगदी सगळं सांगितलं: आजोबा, बीम, पुढच्या पाळीचा माणूस, खात्री. बोलताना तिची बोटं हवेत धागे जोडत होती. पाच मिनिटं तरी बोलली असेल. साहेब माझ्याकडे बघत होते. पॉवरलूम, पांढरी पूड, आजोबा, हे ह्या खोलीत इंग्लिशमध्ये म्हणायचं? मी म्हटलं, "इट्स अ सॉर्ट ऑफ कस्टम. फ्रॉम हर व्हिलेज."

मधला साहेब गोड हसला. त्यानं तेच लिहून घेतलं. अपील फेटाळलं.

कंपनीला मी आजवर पानंच्या पानं शिव्या घातल्यात, आणखी घालीन. पण त्या खोलीतलं ते वाक्य कंपनीचं नव्हतं. माझं होतं.

आई त्यानंतर शाळेच्या कॅन्टीनमध्ये लागली. तिथंही पिठाच्या पोत्याचं तोंड बांधलं की एक गाठ जास्तीची. कुणी फॉल्टची चिठ्ठी देत नव्हतं, कारण कुणी बघतच नव्हतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट, १९९५ ची. बर्मिंगहॅमला टेलिफोनच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. आमच्या जुन्या कंपनीचा स्टॉल होता, म्हणून मी पिशवीभर पत्रकं घेऊन गेले. स्टॉलवर कुणी मला हाकललंसुद्धा नाही. एका पोरसवद्या सेल्समननं पत्रक घेतलं, थँक यू म्हणाला आणि कॉफीचा कप त्यावर ठेवला. तो कारखाना कधीकाळी होता हेही त्याला ठाऊक नव्हतं. मी रागानं पाय आपटत निघाले आणि मागच्या रांगेत आले.

तिथं तो लाल बिल्ला होता. लिनच्या कोटावरचा, पण आता दोन माणसांच्या उंचीचा. त्या सरकारी कारखान्याचा स्टॉल. आणि मधोमध एक कपाट, खेड्यापाड्यांसाठी बनवलेलं छोटं एक्स्चेंज, मागचं दार उघडं.

मी आत बघितलं.

वेण्या होत्या. मेणाचा दोरा. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखी. मी हात आत घातला, शेवटच्या वळणापर्यंत नेला, आणि बोटाला ती लागली. दुसऱ्या वेणीला लागली. तिसऱ्या. मी गुडघ्यांवर बसले आणि खालच्या ओळीही तपासल्या. प्रत्येक वेणीच्या शेवटी, एक जास्तीची गाठ. इथं ती लपवलेली नव्हती, समोर होती.

स्टॉलवरचा तरुण सुटातला होता, धावत आला. त्याला वाटलं, मला चक्कर आली. मी विचारलं, ही गाठ कशासाठी?

तो हसला. म्हणाला, सगळे हेच विचारतात. बाकी कंपन्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरतात, आम्ही हातानं बांधतो. ही गाठ वायरींसाठी नाही. सगळं जोडून झालं, मी बोट फिरवून बघितलं, असा त्या मुलीनं पुढच्या माणसाला दिलेला शब्द आहे. ही नसेल तर आमचा इन्स्पेक्टर माल पास करत नाही. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी हेच शिकवतात: खात्री नसेल तर ही गाठ मारायची नाही.

आजोबांचं वाक्य. जसंच्या तसं. इचलकरंजीच्या स्टँडवरून निघालेलं, कॉव्हेंट्रीत कापलं गेलेलं, आणि चीनमध्ये नियम होऊन बसलेलं. मी तीन साहेबांपुढे इंग्लिशमध्ये जे सांगू शकले नाही, ते माझ्या आईनं पन्नास शब्दांत आणि हातावरच्या एका चापटीत सांगितलं होतं, आणि एका बाईनं ते नीट ऐकलं होतं. माझ्या पिशवीतली पत्रकं मला एकदम फार जड झाली.

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन गेले. तिनं चांगली साडी नेसली, वर कार्डिगन. कपाटापुढे उभी राहून तिनं चष्मा काढला. डोळे मिटले. बोटं आत गेली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"ही लिनची नाही," ती म्हणाली. "लिनची जरा सैल असायची, मी लई ओरडायची तिला. ही तिनं शिकवलेल्या कुणाची तरी आहे." मग बोट थोडं पुढे सरकलं. "आणि ही पोरगी डावखुरी आहे बघ."

मी त्या तरुणाला लिनबद्दल विचारलं. तो एकदम ताठ उभा राहिला. लिन शिफू? त्या तर ट्रेनिंग शॉपच्या प्रमुख. कारखान्यातल्या सगळ्या मुली त्यांच्याच हाताखालून जातात.

मी आईला सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "लिन वस्ताद झाली? पिठल्याला घाबरणारी?" हसता हसता तिचे डोळे भरले, आणि त्या सुटातल्या मुलानं, कोणी काही न सांगता, तिला वाकून नमस्कार केला.

मला लोक विचारतात, घर कुठलं तुझं? आधी मी पटकन इचलकरंजी म्हणायची, मग काही वर्षं हट्टानं कॉव्हेंट्री. आता कधीकधी माझ्या डोळ्यांपुढे चीनमधलं एक खेडं येतं, जे मी कधी बघणार नाही. तिथं कुणाच्या तरी घरी फोन वाजतो, कुणीतरी धावत येऊन उचलतं, आणि तो आवाज ज्या तारेतून जातो तिच्या टोकाला माझ्या आजोबांचा शब्द बांधलेला असतो. एवढ्या लांब गेलेलं, आणि तरी घरचं.

आता मंडळाच्या ह्या अंकाच्या वाचकांनो, इथल्या आणि तिथल्याही, शेवटचं ऐका. आपल्या मंडळाची डिरेक्टरी काढून बघा. बाबांच्या नावापुढे लिहिलंय: इंजिनियरिंग. आईच्या नावापुढे: गृहिणी. १९८६ पासून दरवर्षी तेच छापलं जातंय. त्याच वर्षी लिन तिला शिफू म्हणत होती. तो फॉर्म कुणा गोऱ्या साहेबानं भरला नव्हता. माझं अक्षर चांगलं म्हणून बाबांनी माझ्याकडे दिला होता. मी पंधरा वर्षांची होते, डॉक्टरांच्या मुली माझ्या वर्गात होत्या, आणि मी 'गृहिणी' लिहिलं.

ह्या वर्षीचा फॉर्म मी भरलाय: सुमन, टेलिफोन एक्स्चेंज वायरिंग, वस्ताद. कमिटीनं तो शब्द कापायचा नाही. आणि तुमचा कोरा फॉर्म ह्याच अंकात आहे. तो घेऊन आज स्वयंपाकघरात जा, आईला, सासूला, बायकोला समोर बसवा, तिच्या हातांना काय काय येतं ते विचारा, ती बोलेल तेवढं सगळं ऐका, आणि ते पूर्ण लिहा. खात्री झाल्याशिवाय सही करू नका.